कुरकुरीत कांदा रिंग : कंदाच्या निवडीपासून तळणीपर्यंत

कांद्यात सुमारे ८६ टक्के पाणी असते. तळताना या पाण्याची वाफ होते व ती बाहेर न पडल्यास आवरण मऊ पडते. त्यामुळे रिंगचा कुरकुरीतपणा योग्य कंद, पातळ आवरण आणि तेलाचे तापमान या तीन बाबींवर अवलंबून असतो.

कंदाची निवड : मोठे, घट्ट व एककेंद्री कंद घ्यावेत. जोडकांद्याच्या चकत्यांमधून अखंड वर्तुळे मिळत नाहीत. कंद जोड होण्याची प्रवृत्ती वाणानुसार कमी-अधिक असते. अनियमित पाणी व जास्त अंतरावरील लागवड यांमुळे ती वाढते. म्हणून शुद्ध बियाणे, १५ × १० सें.मी. अंतर व नियमित सिंचन यांचा थेट संबंध प्रक्रियेच्या उताऱ्याशी आहे.

साहित्य : कांदे ३०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, तांदळाचे पीठ ५० ग्रॅम, मीठ व तिखट चवीनुसार, थंडगार पाणी सुमारे १८० मि.लि., तळण्यासाठी तेल व वरून भुरभुरण्यासाठी थोडे कोरडे पीठ.

कृती :
१. कांद्याच्या ६ ते ८ मि.मी. जाडीच्या आडव्या चकत्या कापून रिंग सुट्या कराव्यात.
२. रिंगच्या आतील पातळ पापुद्रा काढावा; तो राहिल्यास आवरण सुटते. नंतर रिंग कापडावर कोरड्या कराव्यात.
३. रिंगवर कोरडे पीठ भुरभुरावे.
४. दोन्ही पिठे, मीठ, तिखट व पाणी हलक्या हाताने कालवावे. मिश्रण फार घोटल्यास मैद्यातील ग्लुटेन वाढून आवरण चिवट होते.
५. रिंग मिश्रणात बुडवून १७० ते १७५ अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात थोड्या थोड्या सोडाव्यात व दोन ते तीन मिनिटे सोनेरी रंगावर तळाव्यात. तापमापक नसल्यास मिश्रणाचा थेंब तेलात टाकावा; तो बुडबुड्यांसह लगेच वर आल्यास तेल योग्य तापले आहे असे समजावे.
६. रिंग जाळीवर सुट्या निथळाव्यात. ढीग केल्यास वाफेने त्या मऊ पडतात.

दक्षता : विक्रीसाठी तळणाऱ्यांनी तेल वारंवार वापरू नये. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : प्रात्यक्षिकात एककेंद्री व जोड कांदे समान वजनाने घेऊन अखंड रिंग मोजून दाखवाव्यात. रिंग गरम असतानाच विकावी लागते, त्यामुळे हा दर कोसळल्यावरचा साठवणुकीचा पर्याय नव्हे. मात्र बचत गटांना आठवडी बाजारात व उपाहारगृहांसाठी निवडक कंदांचे अधिक मोल मिळवण्याचा तो एक मार्ग ठरू शकतो.