चेहऱ्यावरील नागीण : पहिल्या ७२ तासांचे महत्त्व

छत्तीसगड राज्याची स्थापना १ नोव्हेंबर २००० रोजी झाली आणि रायपूर ही त्याची राजधानी बनली. त्यानंतरच्या काळात या शहरातील वैद्यकीय सुविधांचा लक्षणीय विस्तार झाला. १९६३ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय, 'मेकाहारा' या नावाने सर्वपरिचित असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि २०१२ पासून टाटीबंध परिसरात कार्यरत असलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांमुळे त्वचा, नेत्र व मेंदूविकारांवरील तज्ज्ञ उपचार आता राज्यातच मिळू शकतात. मात्र सुविधा उपलब्ध असणे आणि रुग्ण तेथे वेळेत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या आजारांत हा फरक ठळकपणे जाणवतो, त्यांपैकी एक म्हणजे चेहऱ्यावर उठणारी नागीण होय. या आजारात रुग्णाच्या जिवाला सहसा धोका नसतो, परंतु उपचारास झालेला काही दिवसांचा विलंब दृष्टी हिरावून घेऊ शकतो. म्हणूनच या आजाराची ओळख, त्यावरील उपचार आणि त्याबाबत आरोग्य यंत्रणेची भूमिका यांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

आजाराचे मूळ

नागीण हा स्वतंत्रपणे बाहेरून होणारा संसर्ग नव्हे. लहानपणी किंवा तरुणपणी कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशीसमूहांत वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतो. वाढते वय, मधुमेह, कर्करोगावरील औषधोपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, एचआयव्हीचा संसर्ग किंवा अन्य कारणांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली की हा विषाणू पुन्हा जागृत होतो आणि त्याच मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतो. कांजिण्या आणि नागीण यांचा परस्परसंबंध असावा, असे मत हंगेरीतील वैद्य बोकाय यांनी १८९२ साली मांडले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास विषाणू वेगळा करण्यात यश आल्यानंतर ते खरे ठरले.

हा आजार प्रामुख्याने पन्नाशीनंतर आढळतो. तथापि तरुण वयात नागीण उठल्यास प्रतिकारशक्ती का घटली, याचा शोध घेणे आवश्यक असते. अशा वेळी रक्तातील साखरेबरोबरच एचआयव्हीची तपासणी करून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात. ही तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत व गोपनीय असते. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

'वेटोळे पूर्ण होण्याची' भीती

नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते आणि स्थलांतराबरोबर ती मराठी कुटुंबांसमवेत अन्य प्रांतांतही गेली आहे. वस्तुतः प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या ठरावीक पट्ट्याला संवेदना पुरवतो. विषाणू त्याच तंतूच्या वाटेने येत असल्यामुळे पुरळ एका बाजूला, पट्ट्यासारखे उठते आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. प्रतिकारशक्ती अत्यंत कमी असलेल्या रुग्णांत ते क्वचित इतरत्र पसरते, पण त्याचाही 'वेटोळ्या'शी संबंध नसतो.

गेरूचा लेप, मंत्रोपचार किंवा नागीण 'उतरवणे' यांवर लोकांचा विश्वास बसण्यामागे एक साधे कारण आहे. फोड बहुधा सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा आपोआप भरून येते. साहजिकच जो उपाय केला असेल त्याला श्रेय मिळते. परंतु या मधल्या काळात औषधाची खरी वेळ निघून जाते. शिवाय लेपामुळे फोडांत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि डॉक्टरांना पुरळाचे स्वरूप ओळखणेही कठीण होते.

चेहऱ्यावरच धोका अधिक का?

चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारा 'ट्रायजेमिनल' हा मज्जातंतू तीन शाखांत विभागलेला असतो. पहिली शाखा कपाळ, वरची पापणी, डोळा व नाकाचा भाग, दुसरी शाखा गाल व वरचा जबडा आणि तिसरी शाखा खालचा जबडा व हनुवटी यांना संवेदना पुरवते. नागीण बहुतांश वेळा छाती-पाठीवर उठत असली तरी सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत ती पहिल्या शाखेत, म्हणजे डोळ्याच्या परिसरात असते. अशा रुग्णांना विषाणूविरोधी औषध न मिळाल्यास त्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या डोळ्याला प्रत्यक्ष इजा पोहोचू शकते. पारपटलावर व्रण पडणे, डोळ्याच्या आतील भागाचा दाह, डोळ्यातील दाब वाढणे आणि अखेरीस दृष्टी जाणे, असा हा क्रम होऊ शकतो.

नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला उठलेला फोड ही विशेष धोक्याची सूचना समजावी. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतील भागाला संवेदना पुरवणारी उपशाखा एकच असते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेले हे लक्षण आजही तितकेच उपयुक्त आहे. मात्र नाकावर फोड नाही, म्हणजे डोळा सुरक्षित आहे, असे गृहीत धरू नये.

कानाच्या आत वा कानाभोवती फोड, तीव्र कानदुखी, चव न समजणे, चक्कर येणे आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा होणे, ही लक्षणे एकत्र दिसल्यास चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू बाधित झालेला असतो. अमेरिकेतील रॅमसे हंट यांनी १९०७ साली याचे वर्णन केले. 'वारा लागला' असे समजून या स्थितीकडे दुर्लक्ष केल्यास चेहऱ्याचा अशक्तपणा कायमचा राहू शकतो.

ओळख कशी पटवावी?

नागिणीत वेदना आधी येते आणि पुरळ नंतर उठते, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चेहऱ्याच्या एका बाजूस जळजळ, मुंग्या, विजेचा धक्का बसावा तशी कळ किंवा नुसत्या स्पर्शानेही दुखणे, अशी लक्षणे एक ते पाच दिवस आधी जाणवतात. त्यामुळे अनेकदा अर्धशिशी, सायनसचा त्रास किंवा दाढदुखी असा समज होतो. जबड्याच्या शाखेतील वेदनेमुळे निरोगी दात काढले गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यानंतर लालसर चट्ट्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके दिसू लागतात.

तथापि चेहऱ्यावरील प्रत्येक वेदनादायक पुरळ म्हणजे नागीण नव्हे. छत्तीसगड हा भातशेतीचा प्रदेश आहे. भातखाचरांसारख्या ओलसर जागी 'पेडेरस' जातीचे बारीक काळे-नारिंगी कीटक असतात. पावसाळ्यात व त्यानंतर ते रात्रीच्या दिव्यांकडे आकर्षित होतात. असा कीटक त्वचेवर चिरडला गेला की त्यातील द्रवामुळे एक-दोन दिवसांत रेघेसारखा, जळजळणारा, फोड आलेला चट्टा उठतो. हा चट्टा मध्यरेषा ओलांडू शकतो, त्याआधी वेदना नसते आणि बहुधा घरातील किंवा वसतिगृहातील अनेकांना एकाच सुमारास तो होतो. ओठांभोवती वारंवार येणारे 'तापाचे फोड' वेगळ्या विषाणूमुळे होतात. पिवळसर खपल्या किंवा वेगाने पसरणारी गरम, तांबूस सूज ही जिवाणूंच्या संसर्गाची खूण असते. केसांचा रंग अथवा प्रसाधनांमुळे होणारी अॅलर्जी सहसा दोन्ही बाजूंना होते आणि तीत वेदनेपेक्षा खाज अधिक असते. अंतिम निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. शंका असल्यास फोडातील द्रवाची तपासणी करता येते, परंतु तिच्या निकालासाठी उपचार थांबवले जात नाहीत.

पहिले तीन दिवस

विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ होतो. एसायक्लोव्हिर हे या गटातील जुने व स्वस्त औषध आहे. त्याच्या विकासातील योगदानासह एकूण कार्यासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रौढ व्यक्तीस सर्वसाधारणपणे ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिली जाते. व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीन वेळा घ्यावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते आणि औषध चालू असताना पुरेसे पाणी पिणे आवश्यक असते. म्हणून हे औषध परस्पर घेऊ नये.

७२ तास उलटून गेले म्हणजे सर्व संपले, असेही नाही. नवे फोड येत असतील किंवा डोळा बाधित असेल तर त्यानंतरही औषध दिले जाते. डोळ्याजवळ पुरळ असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे किंवा अंधुक दिसणे ही तातडीची लक्षणे होत. घरात शिल्लक असलेले स्टेरॉइडचे थेंब किंवा गोरेपणासाठी वापरली जाणारी मिश्र मलमे लावणे घातक ठरू शकते. तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे, गोंधळल्यासारखे वागणे, हातापायांत अशक्तपणा किंवा अंगभर फोड पसरणे, असे काही आढळल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे.

घरातील काळजी

पुरळ स्वच्छ पाण्याने हळुवार धुऊन कोरडे ठेवावे. स्वच्छ, थंड, ओल्या कापडाच्या पट्टीने जळजळ कमी होते. फोड फोडू नयेत व खपल्या काढू नयेत. टॉवेल व उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक वेळी घ्याव्यात, कारण वेदना सहन करण्यात कोणताही लाभ नाही.

फोडांतील द्रवाच्या संपर्कातून दुसऱ्याला नागीण होत नाही, परंतु ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा लस मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत गर्भवती स्त्रिया, नवजात बालके आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींपासून रुग्णाने अंतर राखावे. रुग्णाला घरात वाळीत टाकण्याची अथवा पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवण्याची मुळीच गरज नसते.

पुरळ गेल्यानंतरची वेदना

काही रुग्णांत, विशेषतः वृद्धांत, त्वचा बरी झाल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ वेदना टिकून राहते. वाऱ्याची झुळूक, दाढी करणे किंवा कपाळावरून पदर सरकणेही असह्य होते. झोप उडते, जेवण कमी होते आणि मन खचते. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे घरच्यांना ही तक्रार अवास्तव वाटते. ती तशी नसते. इजा झालेला मज्जातंतू चुकीचे संदेश पाठवत राहतो. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे आणि लिडोकेनयुक्त मलमे यांनी हा त्रास पुष्कळ कमी करता येतो. वृद्धांत या गोळ्यांमुळे गुंगी येऊन पडण्याचा संभव असल्याने मात्रा हळूहळू वाढवली जाते.

खर्च, लस आणि यंत्रणेची भूमिका

या आजारातील बहुतेक उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता तिच्या कक्षेत घेण्यात आले. गोळ्या आणि तपासणीचा भार मात्र अनेकदा कुटुंबावरच पडतो. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात विषाणूविरोधी गोळ्यांचा साठा असणे आणि जेनेरिक औषधांचा वापर वाढणे हे महत्त्वाचे आहे.

नागिणीवरील दोन मात्रांची पुनर्संयोजित लस पन्नास वर्षांवरील व्यक्तींसाठी २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. तिच्या चाचण्यांत ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण आढळले. परंतु तिची किंमत काही हजार रुपये असून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. साहजिकच सामान्य कुटुंबासाठी वेळीच ओळख आणि तत्काळ उपचार हाच आज मुख्य आधार राहतो.

याबाबत छत्तीसगडजवळ एक मोठे बळ आहे. २००२ साली या राज्याने मितानिन कार्यक्रम सुरू केला. 'मितानिन' म्हणजे मैत्रीण. गावानेच निवडलेल्या या आरोग्य कार्यकर्त्या देशातील आशा योजनेच्याही आधीच्या होत. 'चेहऱ्याच्या एका बाजूला वेदना आणि फोड दिसले तर आजच डॉक्टर' एवढा एकच संदेश त्यांच्या प्रशिक्षणात ठळकपणे समाविष्ट झाला, तर दुर्गम भागातील रुग्णाचे मौल्यवान दिवस वाचतील. गावात ज्यांच्याकडे प्रथम धाव घेतली जाते त्या बैगांनाही विश्वासात घेऊन हा संदेश देता येईल. ई-संजीवनीद्वारे केंद्रातूनच तज्ज्ञांचा सल्ला घेऊन पहिली गोळी त्याच दिवशी सुरू करणे आणि डोळ्याच्या तपासणीसाठी रुग्णाला पुढे पाठवणे, ही साखळी उभारण्यास नव्या इमारतींची गरज नाही.

रायपूरमधील मोठी रुग्णालये ही या साखळीची शेवटची कडी आहेत. पहिली कडी घरातच असते. आरशात दिसलेल्या त्या चार फोडांकडे कुटुंब किती लवकर लक्ष देते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.