गाडी घेण्याआधी भाडं शोधा

बारावी झालेला मुलगा "मला पिकअप घेऊन द्या" म्हणाला, की आईच्या डोळ्यांसमोर अपघात उभा राहतो आणि वडिलांना सोयरिकीची काळजी लागते. ड्रायव्हर म्हटल्यावर पोरगी कोण देणार? दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण जिची धास्ती घ्यायला हवी ती तिसरीच असते आणि शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. भाडं तारीख पाहून येत नाही.

साकोलीत राहून मालवाहतूक करायचा विचार चुकीचा मुळीच नाही. गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे, म्हणजे जुन्या सहा नंबरच्या आणि आताच्या 53 क्रमांकाच्या रस्त्यावर. एका बाजूला लाखनी, भंडारा आणि शंभरेक किलोमीटरवर नागपूर. दुसऱ्या बाजूला देवरीवरून छत्तीसगड. लाखांदूर, वडसा, गडचिरोलीकडे जाणारा 353 सी हा रस्ताही इथूनच फुटतो. मात्र महामार्गावर रात्रंदिवस धावणारे ट्रक पाहून "इथे भाड्याला काय तोटा" असं समजू नका. ते ट्रक साकोलीचा माल नेत नाहीत, ते साकोलीतून जातात. त्यांचं भाडं रायपूरला किंवा नागपुरात ठरलेलं असतं, आणि तुमच्या पिकअपशी त्याचा काही संबंध नसतो.

अमेरिकेत अशा एकट्या गाडीवाल्यांना हॉटशॉट म्हणतात. पिकअपमागे ट्रेलर जोडायचा आणि कोणाचा तातडीचा, पण अख्खा ट्रक न भरणारा माल पोचवायचा. टेक्सासच्या तेलक्षेत्रात एखाद्या भागावाचून काम अडलं की तो आणून देणारे हे लोक. त्यांच्याकडे भाडी दाखवणारे लोडबोर्ड आहेत, मोबाइलवर रोज यादी येते. तरी तिथेही जो टिकतो तो रिकाम्या मैलांचा हिशेब ठेवणारा. आपल्याकडेही सगळा धंदा तिथेच येऊन थांबतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही भरा. दहा लाखांची पिकअप, दोन लाख रोख, आठ लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी: हप्ता साधारण 17,400. विमा, कर, फिटनेस, पीयूसी मिळून वर्षाला 60,000 धरले तर महिन्याला 5,000. म्हणजे गाडी दारात उभी असली तरी महिन्याला 22,400 खाते. महिन्यात वीस दिवस काम मिळालं असं समजा (सुरुवातीला तेवढंही मिळत नाही), तर दिवसाला 1,120.

आता रात्री नऊला फोन येतो. "भाऊ, सकाळी नागपूरले गाडी पायजे. साडेतीन हजार देतो." ऐकायला बरं वाटतं. जाऊन-येऊन 200 किलोमीटर, 12 चं अ‍ॅव्हरेज, डिझेल 92 रुपये लिटर धरलं तर 1,530 रुपये. टोल 400. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरला तीन रुपये बाजूला काढायचे म्हणजे 600. चहा-जेवण 200. त्यात दिवसाचे 1,120 मिळवा: 3,850 झाले. साडेतीन हजारांचं भाडं घेऊन तुम्ही 350 रुपये खिशातून घातलेत, आणि दिवसभर गाडी चालवल्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. तीच गाडी परत येताना नागपूरहून दीड हजारांचा माल घेऊन आली, तर 1,150 उरतात. त्यातून 600 रुपये स्वतःची मजुरी काढली तरी 550 गाडीचे राहतात. पोरं हिशेब चुकवतात तो टायरच्या तीन रुपयांत. ते पैसे रोज हातात दिसतात, खर्चून जातात, आणि दीड वर्षाने चारही टायर एकदम मागायला येतात.

म्हणून जाण्याच्या भाड्यापेक्षा परतीचं भाडं आधी शोधायचं. साकोली, लाखनी, अर्जुनी, लाखांदूरच्या किराणा, कापड, हार्डवेअर, भांड्यांच्या दुकानांत माल कुठून येतो? बराचसा इतवारी, गांधीबागेतून. एका दुकानदाराचा माल गाडीभर नसतो, पण चार दुकानदारांचा मिळून होतो. सकाळी कळमन्याला भाजी किंवा तांदूळ उतरवायचा, दुपारी इतवारीत चार ठिकाणचे नग उचलायचे, रात्री आपापल्या दुकानात पोचते करायचे. आठवड्याचे दोन वार ठरवून हे केलं आणि वार चुकवला नाही, तर सहा महिन्यांत दुकानदार दुसऱ्याला फोन करत नाही. नग मोजून घेणं, पावसात ताडपत्री नीट बांधणं, फुटलेलं सामान लपवून न ठेवणं, पोच पावतीवर सही घेणं: या बाजारात पत यावरच उभी राहते. ती भाड्यापेक्षा हळू जमते, म्हणून घाई असलेल्यांना परवडत नाही.

हंगामाचं गणितही इथलंच शिकावं लागतं. हा धानाचा, राइस मिलचा पट्टा. दिवाळीनंतर आधारभूत केंद्रांवर धान जातो, पण त्यात ट्रॅक्टर-ट्रॉली तुमच्यापुढे आहे. मिलचा सरकारी तांदूळ मोठ्या ट्रकने, कंत्राटदाराकडून जातो. पिकअपच्या वाट्याला येतो तो किरकोळ दुकानांत जाणारा तांदूळ, बारदाना, कोंडा. कोंडा हलका असतो, वजन कमी भरतं आणि डाला मात्र शिगोशिग. म्हणून त्याचं भाडं वजनावर नाही, फेरीवर ठरवायचं. जूनमध्ये बियाणं-खत. लग्नसराईत मंडप, डेकोरेशन, भांडी. आणि आपल्या झाडीपट्टीत एक भाडं असं आहे जे पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकाला सुचणार नाही: दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक मंडळ्यांचे दौरे. पडदे, लाइट, साउंड रोज नव्या गावी. रात्रीची जागरणं आहेत, पण अंतर कमी आणि काम सलग.

सगळ्यात चांगला पैसा मात्र तातडीच्या भाड्यात आहे, आणि तिथे आपण अमेरिकेच्या त्या हॉटशॉटवाल्याच्या अगदी जवळ येतो. ऐन डिसेंबरात मिलची मोटर जळते. बाहेर धानाची पोती थप्पीला, मजूर बसून, आणि मोटर रिवाइंडिंगला नागपूरला न्यायची. किंवा कापणीच्या दिवसांत हार्वेस्टरचा बेल्ट तुटतो. असा मालक पाचशे रुपयांसाठी घासाघीस करत नाही. त्याला फोन पहिल्या रिंगला उचलणारा माणूस हवा असतो. त्यासाठी मिलवाल्यांना, हार्वेस्टरवाल्यांना आणि मोटर-पंपाच्या मिस्त्रींना आधीच भेटून नंबर देऊन ठेवावा लागतो. मिस्त्री विशेष महत्त्वाचा, कारण बिघाडाची पहिली खबर त्यालाच असते.

काही भाड्यांना मात्र नाही म्हणायला शिकलं पाहिजे. लग्नाचं वऱ्हाड पिकअपच्या डाल्यात न्यायचं भाडं गावोगाव मिळतं, गावातलाच माणूस मागतो म्हणून नाही म्हणणं जड जातं. पण मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांना विम्याचं संरक्षण नसतं. गाडी उलटली तर भरपाई गाडीमालकाच्या घरावर, शेतावर येऊ शकते. ओव्हरलोडचंही तसंच: 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 असा दंड आहे. दोनशे रुपये वाचवायला काट्यावर न जाणाऱ्याला हे महागात पडतं.

कागदांबद्दल थोडक्यात. मालवाहू गाडी चालवायला वय 20 पूर्ण लागतं. 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या गाडीसाठी एलएमव्ही परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. मालासह एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या गाडीला परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला लागतं, आणि देवरीपलीकडे जायचं असेल तर घेण्याआधीच भंडाऱ्याच्या आरटीओत विचारून या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरचा आणि परराज्यात 50,000 वरचा माल असेल तर ई-वे बिल मागून घ्या. ते नसेल तर रस्त्यात गाडी तुमची अडकते, व्यापारी घरी असतो. आयकरात दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांना हलक्या गाडीमागे महिना 7,500 रुपये उत्पन्न धरून विवरणपत्र भरायची सोय आहे. ती वापरा, कारण दुसऱ्या गाडीच्या कर्जावेळी बँक तेच विवरणपत्र मागते.

ॲपवर भाडं मिळतं का? मिळतं. पोर्टरसारखी ॲप शहरातल्या शहरात चालतात, ब्लॅकबकचा भर मोठ्या ट्रकवर आहे. नागपुरात माल उतरवल्यावर रिकामं बसण्यापेक्षा ॲप उघडून पाहायला किंवा वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे विचारायला हरकत नाही. पण अनोळखी पार्टीचं भाडं घेताना ॲडव्हान्स किती, बाकी कुठे आणि कधी, वराई (चढ-उताराची हमाली) कोणाकडे, गाडी रिकामी व्हायला उशीर झाला तर हॉल्टिंग किती, एवढं मोबाइलवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं उतरवताना आठवत नाही.

गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, म्हणून "कंपनीत गाडी लावू" असंही काही पालक म्हणतात. कारखान्यांची वाहतूक बहुधा कंत्राटदारांमार्फत होते. त्यांच्याकडे गाडी लावता येते, पण दर त्यांचा आणि पैसा महिन्या-दोन महिन्यांनी. येणाऱ्या कारखान्याच्या भरवशावर तर कर्ज काढूच नका. मुंडीपारच्या भेल प्रकल्पाची कोनशिला 2013 मध्ये बसली. कारखाना उभा राहिला नाही.

बारावीनंतर वीस पूर्ण होईपर्यंत जो काळ हातात असतो, तो वाया गेला असं घरी कोणी म्हणू नये. कॉलेज चालू ठेवून मुलाला एखाद्या जुन्या पिकअपवाल्याबरोबर क्लीनर म्हणून किंवा नागपूरच्या बुकिंग ऑफिसात पाठवा. एक वही द्या: कोणाचं भाडं, कुठून कुठे, किती किलोमीटर रिकामे, पैसे कधी मिळाले. मुद्रा कर्जाच्या अर्जाला प्रकल्प अहवाल लागतो, तो एजंटाकडून छापून घेण्याऐवजी या वहीतून लिहा. वहीत डिसेंबर आणि एप्रिल सगळ्यांचेच भरलेले असतात. रोवणी संपल्यावरचा ऑगस्ट उघडून पाहा. त्या महिन्यात हप्त्यापुरती तरी भाडी दिसली तर बँकेत जा, आणि नाही दिसली तर पहिली गाडी नवी न घेता जुनी, कमी कर्जाची घ्या.