लेकराच्या डोळ्यांचा हक्क

मोबाइल हलाल की हराम, असे पालक वारंवार विचारतात. वस्तू म्हणून तो मुबाह, म्हणजे अनुमत आहे. लहान मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न निराळा आहे. तो हाती देताना आपण त्या लेकराचा कोणता हक्क काढून घेतो?

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसा सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजेत उभे राहत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रोखले आणि शरीराचा, डोळ्यांचाही माणसावर हक्क असतो, हे समजावले (बुखारी). येथे डोळ्यांना जागवणारी गोष्ट इबादत होती, तरीही त्यांचा हक्क शाबूत राहिला. मग कार्टूनची काय कथा? ‘आमचा मुलगा फक्त दीनी व्हिडिओ पाहतो’, हे उत्तरही अपुरे आहे. पडदा तोच, रात्रही तीच.

शरीअतनुसार वयात येईपर्यंत मूल स्वतः उत्तरदायी नसते. त्याच्या डोळ्यांचा हिशेब मग कोणाला विचारला जाईल? हदीसमध्ये पित्याला कुटुंबाचा राखणदार म्हटले आहे, आणि मातेचाही उल्लेख तेथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके चांगले. तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर न खेळणे यांमुळे लांबचे अंधुक दिसू लागण्याचा धोका वाढतो.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती जेवणाची. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) प्रेषितांच्या घरी वाढले. जेवताना त्यांचा हात ताटभर फिरे. प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे नाव घेऊन, उजव्या हाताने, आपल्या पुढ्यातले खाण्यास शिकवले. ही शिकवण ताटाजवळच मिळाली, कारण मुलाचे लक्ष ताटाकडे आणि सांगणाऱ्याकडे होते. आज दस्तरखानावर मोबाइल उभा करून आपण घास भरवतो. मूल तोंड उघडते. पण पोट भरले की नाही, हे त्याला कळत नाही. बिस्मिल्लाह आई म्हणते, मुलाच्या कानी व्हिडिओतील गाणे असते.

मोबाइल काढून घेतानाही आपण चुकतो. ‘चार्जिंग संपली’, ‘बिघडला’ असे सांगण्याची सवय घरोघरी आहे. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने काही देते म्हणून त्यांना हाक मारली. काय देणार आहेस, असे प्रेषितांनी विचारले. ती खजूर देणार होती. काहीच दिले नसते तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला बजावले (अबू दाऊद). म्हणून मुलाला सरळ सांगा, ‘आता मिळणार नाही.’ ते रडेल, काही दिवस जेवणही लांबेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.

ईशानंतर गप्पांत जागणे प्रेषितांना आवडत नसे. त्या वेळी घरातील सारे मोबाइल एका फडताळात ठेवावेत. वडिलांचाही, आणि सर्वांत आधी.