अष्ठीला ग्रंथी, संप्रेरके आणि प्रयोगशाळेतील प्राणी

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गास वेढून असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी म्हणजे अष्ठीला, अर्थात प्रोस्टेट ग्रंथी होय. तिचे पोषण वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरोन या संप्रेरकावर अवलंबून असते. वृषणे काढली असता कुत्र्यांची ही ग्रंथी आक्रसते, असे शिकागोच्या चार्ल्स हगिन्झ यांना आढळले. तोच उपाय या ग्रंथीच्या कर्करोगाने ग्रस्त झालेल्या रुग्णांसही गुणकारी ठरतो, हे त्यांनी १९४१ साली प्रसिद्ध केले. १९६६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

परंतु वृषणांस आज्ञा कोण देते? मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी. तिची एल्.एच्. आणि एफ्.एस्.एच्. अशी दोन संप्रेरके वृषणांवर कार्य करतात. त्यांची कामे निरनिराळी करून दाखविण्याचे नाजूक काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मौद्गल व त्यांचे सहकारी यांनी केले. डोक्यावर केसांची टोपी असल्यासारखी दिसणारी दक्षिण भारतातील माकडे त्यांनी निवडली. मेंढीपासून मिळविलेले एफ्.एस्.एच्. टोचले की माकडाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, व ती माकडाचे स्वतःचे एफ्.एस्.एच्. ही निकामी करतात. अशा माकडांत शुक्राणूंची संख्या घटली; टेस्टोस्टेरोन मात्र पूर्ववत राहिले. उलट, सशांतील एल्.एच्. निकामी करताच टेस्टोस्टेरोन खाली आले. शस्त्रक्रियेने वृषणे काढली असती तर हा भेद कधीच कळला नसता.

दिल्लीत जी. पी. तलवार यांनी एक पायरी वर जाऊन, पोष ग्रंथीस चालना देणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाविरुद्ध लस तयार केली. त्या लसीने उंदरांची अष्ठीला ग्रंथी लक्षणीय प्रमाणात आक्रसली.

तथापि ग्रंथी लहान होणे म्हणजे कर्करोग टळणे नव्हे. प्रतिबंध सिद्ध करावयाचा तर प्राण्यास आधी तो रोग होऊ शकला पाहिजे. आणि सामान्य उंदरास तो क्वचितच होतो. कॅनडातील आर. एल. नोबल यांनी एका विशिष्ट जातीच्या उंदरांना दीर्घकाळ संप्रेरके देऊन तो घडवून आणला. तेव्हा कोठे परीक्षेस योग्य प्राणी हाती आला. पण उंदराचे आयुष्य ते केवढे! मनुष्यात हाच रोग अनेक दशके सावकाश वाढतो.

अखेर १९९३ साली अमेरिकेत ५५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या १८,८८२ पुरुषांवर चाचणी सुरू झाली. निम्म्यांना फिनास्टेराइड देण्यात आले. टेस्टोस्टेरोनचे अधिक प्रबळ रूपात होणारे परिवर्तन हे औषध रोखते. २००३ मधील निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २४.४ टक्के पुरुषांत कर्करोग आढळला. मात्र उग्र स्वरूपाच्या गाठींचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक होते : ५.१ ऐवजी ६.४ टक्के. याचे एक कारण मोठे मार्मिक आहे. ग्रंथी आक्रसल्यामुळे तपासणीची सुई दडलेल्या गाठीपर्यंत अधिक सहज पोचते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अठरा वर्षांच्या पाहणीत दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत अंतर दिसले नाही.