दोन रंगांच्या लोकरीचा वाघ
(हस्तव्यवसाय पाठ : इयत्ता ५ वी ते ७ वी)

नागझिऱ्याच्या अरण्यालगतच्या गावांत वाघाची गोष्ट मुलांना नवी नसते. म्हणून दोन रंगांच्या विणकामास पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा लहान वाघ सोयीचा. लोकरकाम मुलींचेच, असा समज मात्र शिक्षकाने प्रथम स्वतः सोडावा; आंधळगावी कोशाच्या मागावर पुरुषही बसतात.

जुना स्वेटर उसवून निघालेली लोकर चालते. तिची लडी करून धुवावी व खाली वजन बांधून वाळवावी, म्हणजे वळ्या जातात. सुयांऐवजी घासून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या काड्या पुरतात. भरण्यास सावरीचा कापूस घ्यावा.

प्रारंभी पाटीवर चौकटी आखाव्यात. एक चौकट म्हणजे एक टाका. नमुन्याचे २४ टाके व शिवणीसाठी दोन्ही कडांस एकेक, असे २६ टाके घालावेत. ४ पिवळे व २ काळे हा सहाचा गट २४ मध्ये चार वेळा नेमका बसतो. एखादा मुलगा ५ व २ धरील. त्यास अडवू नये. तीन टाके उरतात आणि शिवणीपाशी पट्टा तुटतो. भागाकारातील बाकी त्याला तेथे डोळ्यांनी दिसते. एक ओळ सुलट, एक उलट विणावी व दर दोन ओळींनी काळे टाके एक घर सरकवावेत, म्हणजे पट्टे तिरके येतात.

खरी अडचण पाठीमागच्या धाग्याची. करवतकाठी लुगड्यात तीन धोटे चालतात. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकून तेथूनच परततो. येथे तसे नाही. काळा धागा पिवळ्या टाक्यांमागून पुढे जातो. मुले तो ओढून घेतात, वीण आक्रसते आणि वाघ कंबरेत आवळल्यासारखा होतो. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरील टाके बोटांनी पसरून घ्यावेत; धागा सैल राहतो.

सुमारे ३६ ओळी झाल्यावर टाके बंद करून तुकडा दुमडावा, कडा शिवावी, तळ आवळावा. कापूस भरून वरचे तोंड सरळ शिवावे. वरचे दोन कोपरे बांधले की कान झाले, मानेभोवती धागा आवळला की डोके. शेपटीस वेणी पुरे.

प्रदर्शनात पुष्कळदा शिक्षकांच्याच हातचे सुबक वाघ मुलांच्या नावाने मांडलेले असतात. त्यातून मुलाला काय आले, हे कोणासच कळत नाही. मूल्यमापन कापूस भरण्यापूर्वी, तुकडा उलटा करून करावे. प्रत्येक वर्गाचा एक तुकडा न शिवता, उलट बाजू वर करून, वाघांशेजारी ठेवावा.