ऑफिसची दिवाळी पार्टी आणि घरून काम करणारी मी

प्रश्न : मी नाशिकहून, घरून काम करते. पुण्याच्या ऑफिसात दिवाळीची पार्टी आहे. टीमबाहेरचं कुणी ओळखीचं नाही. जावं का?

उत्तर : जरूर जा, पण टीमच्याच घोळक्यात बसून राहू नका. टीमशी तुमचं रोज बोलणं होतंच. घरून काम करताना विरतात ते टीमबाहेरचे धागे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या संपर्कांचा अभ्यास झाला, त्यात नेमकं हेच दिसलं : घरून काम सुरू झाल्यावर वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले. हे दुवे मोलाचे का, ते समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. जवळच्यांना ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती तोंडओळखीच्या माणसांकडून.

अनोळखी लोकांत अवघडायला होईल, हे मान्य. पण मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधल्या संशोधनात दिसलं, की पहिल्या भेटीनंतर आपल्याला वाटतं त्याहून आपण समोरच्याला जास्त आवडलेलो असतो. फराळाच्या धांदलीत एवढा प्रवास कशासाठी, हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. म्हणून प्रवास सार्थकी लावा, रात्रीच परतू नका. जमल्यास दुसऱ्या दिवशी ऑफिसातूनच काम करा. अकाउंट्समधल्या ज्या व्यक्तीशी आजवर फक्त ईमेलवर बोललात, तिला ‘मी येतेय’ असं आजच कळवून ठेवा.