घटक ५ : वार्धक्यातील नैराश्य आणि स्मृतिभ्रंश

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.
• ‘नैराश्य’ आणि ‘स्मृतिभ्रंश’ या संज्ञांचा अर्थ व त्यांतील भेद स्पष्ट करणे.
• या दोन अवस्थांमधील परस्परसंबंधाचे चार प्रकार सांगणे.
• आपल्या घरातील व परिसरातील वृद्धांमध्ये दिसणाऱ्या बदलांचे डोळस निरीक्षण करणे.
• या विषयावर मराठीत नेमकेपणाने आणि सहानुभूतीने लेखन करणे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. बहुतेकांच्या घरात एखादी वयोवृद्ध व्यक्ती असेल. ती अलीकडे गप्प राहते, जेवणावरून तिची वासना उडाली आहे, सांगितलेले तिच्या लक्षात राहत नाही, असे दिसू लागले की घरात सहज म्हटले जाते, ‘वयच झाले आता.’ हे वाक्य वरवर समजूतदारपणाचे वाटते. परंतु त्यामुळे पुढचा शोध थांबतो. शोध थांबला की बरा होऊ शकणारा आजारही उपचाराविना राहतो. या घटकात आपण हा थांबलेला शोध पुढे नेणार आहोत.

प्रश्नाची व्याप्तीही लक्षात घ्या. मुंबईत देवनार येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्याला जोडून स्मृतिभ्रंशाची स्वतंत्र पाहणी झाली. तिच्यावर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ शब्दांचा विचार

भाषेच्या अभ्यासकाने प्रथम शब्दांकडे पाहावे. ‘विषाद’ आणि ‘स्मृतिभ्रंश’ हे दोन्ही शब्द भगवद्गीतेत येतात. पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. दुसऱ्या अध्यायात क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश अशी साखळी सांगितली आहे. तेथे स्मृतिभ्रंश म्हणजे विवेकाचा विसर. त्याचे मूळ आसक्तीत आणि क्रोधात आहे. आज वैद्यकात तोच शब्द मेंदूच्या आजाराने होणाऱ्या ऱ्हासासाठी वापरला जातो. या आजारात रुग्णाच्या वर्तनाचा दोष नसतो. शब्द एकच असला तरी हा अर्थभेद विसरता कामा नये.

बोलीतील शब्दांनी मात्र दोष रुग्णाच्याच पदरात घातला आहे. ‘म्हातारचळ’, ‘साठी बुद्धी नाठी’ अशा शब्दप्रयोगांत थट्टा आहे आणि निकालही आहे. ‘नैराश्य’ या शब्दाचीही अशीच गत होते. ‘निराश होऊ नका’ असा उपदेश करणारा माणूस निराशा आणि नैराश्य यांत गल्लत करतो. निराशा ही प्रसंगाने येणारी भावना आहे. किमान दोन आठवडे जवळजवळ दररोज टिकणारी खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती आणि एकाग्रता यांत झालेला बिघाड, या समूहाला वैद्यकात नैराश्य म्हणतात.

मराठी चित्रपटानेही हे दोन विषय हाताळले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित आहेत. ती भूमिका मोहन आगाशे यांनी केली असून ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘कासव’मध्ये एका तरुणाचे नैराश्य केंद्रस्थानी आहे. विस्मरण वृद्धाला आणि नैराश्य तरुणाला, अशी विभागणी आपल्याही मनात नकळत झालेली असते. प्रत्यक्षात म्हातारपणी या दोन अवस्था एकमेकींत मिसळतात.

५.२.२ नात्याचे चार प्रकार

(अ) नैराश्य स्मृतिभ्रंशासारखे दिसते. खिन्न मन लक्ष देऊ शकत नाही, आणि ज्याकडे लक्षच गेले नाही ते स्मरणात राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र विस्मरणच दिसते. लेस्ली किलोह या मनोविकारतज्ज्ञांच्या १९६१ मधील लेखामुळे या अवस्थेसाठी ‘आभासी स्मृतिभ्रंश’ ही संज्ञा रूढ झाली. नैराश्यावर उपचार केल्यास येथे स्मरणशक्ती बऱ्याच अंशी सुधारते. तरीही अशा व्यक्तीची पुढील काही वर्षे नियमित तपासणी व्हावी लागते, कारण त्यांतील काहींना नंतर खरा स्मृतिभ्रंश होतो.

(आ) नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची जोखीम आहे. दीर्घकाळ तणावाखाली असलेल्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि स्मरणाशी संबंधित असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या मेंदूतील भागावर त्याचा अनिष्ट परिणाम होतो, असे मानले जाते. शिवाय खिन्न माणूस चालणे, बोलणे, मिसळणे सोडतो. औषधे वेळेवर घेत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या १४ बदलता येण्याजोग्या जोखमी सांगितल्या. बालपणातील अपुरे शिक्षण, श्रवणदोष, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि सामाजिक एकटेपणा यांच्याबरोबर नैराश्यही त्या यादीत आहे. या सर्व जोखमी दूर करता आल्या तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

(इ) नैराश्य हे स्मृतिभ्रंशाचे पूर्वचिन्ह असते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या अभ्यासात दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती २८ वर्षे नोंदवली गेली. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्यातील नैराश्याची लक्षणे निदानापूर्वी सुमारे ११ वर्षे वेगळी दिसू लागली होती, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या मध्यमवयातील लक्षणांचा मात्र तसा संबंध या अभ्यासात आढळला नाही. म्हणजे काही वेळा जे कारण वाटते ते आजाराचे पहिले पाऊल असते. ‘आ’ आणि ‘इ’ यांपैकी कोणता संबंध अधिक बळकट, याविषयी तज्ज्ञांमध्ये चर्चा चालू आहे. विशिष्ट रुग्णात हे दोन्ही एकत्र असू शकतात.

(ई) स्मृतिभ्रंशात नैराश्य येते. आपले काहीतरी हरवत चालले आहे याची जाणीव सुरुवातीच्या काळात रुग्णाला असते. त्या जाणिवेचे दुःख आणि मेंदूतील बदल, दोन्हींमुळे नैराश्य येते. पुढे शब्द सुचेनासे झाले की हे दुःख रडणे, चिडणे, अन्न नाकारणे किंवा रात्रभर जागे राहणे अशा रूपांत व्यक्त होते. घरचे त्याला हट्ट समजतात.

५.२.३ भेद कसा ओळखावा?

दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ. पत्नीच्या निधनानंतर तीन महिन्यांत एक आजोबा एकदम खालावले. काहीही विचारले की ‘मला नाही माहीत, मला काही आठवत नाही’ एवढेच म्हणतात. आपली स्मृती गेली, याची तक्रार ते स्वतःच करतात. सकाळी त्यांना अधिक उदास वाटते. कोणी थोडी आठवण करून दिली की मात्र त्यांना नेमके आठवते. दुसऱ्या घरातील आजींचा बदल दोन-तीन वर्षांत हळूहळू झाला. त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. चहात साखरेऐवजी मीठ घालतात. नेहमीच्या वाटेवर चुकतात. विचारले तर ‘मला काही झालेले नाही’ म्हणतात आणि चुकीचे उत्तरही सहजपणे देऊन जातात. त्यांच्याविषयीची तक्रार घरचे करतात.

पहिले चित्र नैराश्याकडे आणि दुसरे स्मृतिभ्रंशाकडे झुकणारे आहे. तथापि ही केवळ दिशा आहे. निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे यांमुळेही असाच भास होतो. यांपैकी बहुतेक गोष्टी साध्या तपासणीत कळतात. आणखी एक सावधगिरी : काही तासांत किंवा दिवसांत अचानक संभ्रम झाला, तर तो बहुधा जंतुसंसर्ग, निर्जलीकरण अशा शारीरिक कारणाने झालेला असतो. अशा वेळी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

चाचणीची भाषाही महत्त्वाची आहे. तारीख विचारणे, वाक्य लिहावयास सांगणे अशा प्रश्नांवर निरक्षर माणूस अडखळला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. हीच अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हिंदी चाचणी तयार करण्यात आली. पाड्यावरील आजीला तारीख विचारण्याऐवजी भाताची लावणी झाली का, हे विचारल्यास तिचे काळाचे भान अधिक खरेपणाने कळेल.

५.२.४ तानसा परिसर आणि फांगण्याची शाळा

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पाण्यामागोमाग माणसेही शहराकडे निघाली. आटगाव, खर्डी, आसनगाव येथून पहाटेची लोकल गाठणारी तरुण मंडळी रात्री परततात. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाड्यावर वृद्ध मागे राहतात. त्यांच्या दिवसाला साक्षीदार उरत नाही. कोणी कमी जेवले, कोणी बोलणे सोडले, हे पाहणारेच घरात नसल्यामुळे पहिली लक्षणे नोंदलीच जात नाहीत.

शेजारच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाने वेगळे उदाहरण घालून दिले आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे तिला साहाय्य लाभले. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातील आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन, दुपारी पाटी-पुस्तकापुढे बसू लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला, त्या आपले नाव लिहू लागल्या.

या शाळेला स्मृतिभ्रंशावरील उपचार म्हणणे योग्य होणार नाही. तिचा तो उद्देशही नव्हता. बालपणी हुकलेल्या शिक्षणाची पूर्ण भरपाई उतारवयात होते, असेही म्हणता येत नाही. तथापि वर पाहिलेल्या जोखमींच्या यादीशी ही शाळा ताडून पाहा. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणे, समवयस्कांत बसणे, नवे शिकणे, आपली कोणी वाट पाहत आहे ही जाणीव, या सर्व गोष्टी एकटेपणाला आणि खिन्नतेला छेद देणाऱ्या आहेत. शिवाय एखादी आजी चार दिवस आली नाही तर ते लगेच ध्यानात येते. भजनी मंडळ, बचत गट, वारकऱ्यांचे पारायण यांतूनही हेच साधते.

५.२.५ उपचार आणि कुटुंबाची भूमिका

वार्धक्यातील नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे यांचा चांगला उपयोग होतो. स्मृतिभ्रंशासह आलेल्या नैराश्यात मात्र औषधांची मर्यादा जाणवते. २०११ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, प्रचारात असलेली दोन नैराश्यविरोधी औषधे अशा रुग्णांमध्ये औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून सोबत, परिचित कामे, चालणे, गाणे आणि ठरलेली दिनचर्या यांना तेथे विशेष महत्त्व येते. निवडायला शेंगा दिल्या, वाती वळायला दिल्या, तर हात कामात राहतात आणि घरातील आपले स्थान टिकून आहे असे वाटते. चुका दाखवून परीक्षा घेऊ नये.

‘देवाने आता न्यावे’ हे वाक्य वारंवार कानी पडले तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे विचारा, ऐका आणि मदत घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशा सेविका हा पहिला दुवा आहे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. सतत सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही नैराश्य येऊ शकते. तिच्या विश्रांतीचा विचार हा उपचाराचाच भाग आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

योग्य की अयोग्य ते लिहा.
१. विस्मरण दिसले म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, असे निश्चित होते.
२. नैराश्य हे काही वेळा स्मृतिभ्रंशाचे पूर्वचिन्ह असते.
३. अचानक झालेला संभ्रम घरीच काही आठवडे पाहावा.
४. निरक्षरता आणि स्मृतिभ्रंश यांत गल्लत होऊ नये म्हणून चाचणी परिसराला अनुरूप असावी.

५.३ सारांश

नैराश्य आणि स्मृतिभ्रंश या भिन्न अवस्था असल्या तरी वार्धक्यात त्यांचे नाते गुंतागुंतीचे असते. नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाचा आभास निर्माण करते, कधी त्याची जोखीम वाढवते, कधी त्याची पूर्वसूचना देते, तर कधी त्याच्या सोबत येते. यांपैकी कोणत्याही प्रकारात मदतीचा मार्ग असतो. फक्त ‘वय झाले’ म्हणून थांबणे हा मार्ग नव्हे.

५.४ पारिभाषिक शब्द

आभासी स्मृतिभ्रंश : नैराश्यामुळे येणारी, स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी अवस्था.
पूर्वचिन्ह : आजार स्पष्ट होण्याआधी दिसणारे लक्षण.
संप्रेरक : शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारे, अवयवांच्या कार्याचे नियमन करणारे द्रव्य.
संभ्रम : स्थळ, काळ व व्यक्ती यांचे भान अचानक बिघडणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अयोग्य २. योग्य ३. अयोग्य ४. योग्य

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्यातील चार प्रकारचे संबंध सोदाहरण स्पष्ट करा.
२. वार्धक्याविषयी तुमच्या बोलीत रूढ असलेले दहा शब्द वा वाक्प्रचार जमवा. त्यांतून व्यक्त होणाऱ्या दृष्टिकोनाची चर्चा करा.
३. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका वृद्ध व्यक्तीशी, तिच्या संमतीने, आठवड्यातून एकदा असे महिनाभर बोला. तिच्या आठवणी तिच्याच भाषेत लिहून काढा आणि त्या तिला वाचून दाखवा.